सिल्कीची वक्र करवत: चौदा वर्षांच्या वापरानंतर

ही करवत माझ्याकडे २०११ साली आली. जपानच्या सिल्की ब्रँडची 'झुबॅट', पात्याची लांबी ३३० मिलिमीटर, म्हणजे फुटापेक्षा थोडी जास्त. पातं विळ्यासारखं आतल्या अंगाला वळलेलं, मूठ रबराची, आणि मांडीला पट्ट्याने बांधता येईल असं कडक म्यान. सिंगापूरला झाडांच्या देखभालीचं काम करणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी सुट्टीवर आली होती, तिने आणून दिली. म्हणाली, "मॅडम, तुम्ही अजून त्या सुताराच्या करवतीनेच फांद्या कापताय ना? मला बघवत नव्हतं तेव्हाही." म्हणून मी घेताना किती पैसे पडले हे सांगू शकत नाही. साध्या करवतीच्या कित्येक पट पडतात, हे मात्र तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. एवढे पैसे घालावेत का, असं गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणांनी विचारलं, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी मी कोण ते सांगायला हवं, नाहीतर माझ्या मताला किती वजन द्यायचं ते कळणार नाही. मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं, ३१ वर्षं. २०२१ मध्ये निवृत्त झाले. त्यातली पहिली बारा वर्षं मी झाड शिकवलं असं म्हणणं बरोबर होणार नाही. मी सूर्यफुलाच्या आणि मक्याच्या खोडाचे काप शिकवले. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला बिग्नोनिया, पुनर्नवा, पारिजातक. ब्लेडने पातळ काप घ्यायचा, सॅफ्रनिनने रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून आकृती काढायची. आमच्या टेबलावर आलेलं खोड पेन्सिलीपेक्षा जाड कधीच नसायचं. सहलीला गेलो की मुलं पानं गोळा करायची आणि नावं पाठ करायची. शंभर झाडांची लॅटिन नावं सांगणारा विद्यार्थी हुशार. त्या शंभरातलं कुठलं झाड आजारी आहे, हे त्यालाही सांगता यायचं नाही आणि मलाही.

मग एका जूनमध्ये, पहिल्या वळवाच्या वाऱ्यात, आमच्या आवारातल्या गुलमोहराची एक मोठी फांदी सायकल स्टँडवर पडली. दुपारची वेळ, तिथे कुणी नव्हतं. माळीमामा ती तोडून बाजूला करत होते तेव्हा मी जवळ जाऊन पाहिलं. फांदी जिथून निखळली तिथलं लाकूड तपकिरी, ओलसर, बोटाने खरवडलं तर भुगा. आणि त्या भुग्याभोवती एक काळसर रेघ, तिच्याबाहेर स्वच्छ पांढरं, टणक लाकूड. ती रेघ इतकी ठळक होती की कुणीतरी पेनने आखल्यासारखी. मी मामांना तो भाग आडवा कापून द्यायला सांगितलं. त्यांनी कोयत्याने तोडून दिला, आणि तोडताना निम्मा पुरावा ढलप्यांबरोबर उडून गेला.

रेघेचा अर्थ मला पुढे वाचून कळला. ॲलेक्स शिगो नावाचे अमेरिकेच्या वनखात्यातले झाडांच्या रोगांचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडं यांत्रिक करवतीने उभी चिरून आतून पाहिली आणि १९७७ मध्ये हॅरोल्ड मार्क्स यांच्यासोबत एक पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: आपल्या कातडीवरची जखम भरते तेव्हा मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी येतात. झाडाला ते करता येत नाही. लाकडाला इजा झाली की तो भाग कायमचा गेला. झाड त्याला कोंडून टाकतं. चार बाजूंनी भिंती घालतं. वर-खाली जाणारी भिंत सगळ्यांत कच्ची, म्हणून कूज खोडात उभी लांबवर पसरते. आत गाभ्याकडची भिंत तिच्यापेक्षा बरी, आडव्या बाजूची आणखी बरी. आणि चौथी, जखम झाल्यानंतर जे नवं लाकूड तयार होतं त्याच्या आणि जुन्याच्या मधोमध घातलेली, सगळ्यांत पक्की. मी पाहिलेली काळी रेघ ही चौथी भिंत होती. तिच्या आतलं सगळं जखमेच्या दिवशीचं झाड, बाहेरचं सगळं त्यानंतर वाढलेलं. म्हणजे कुजलेल्या भागाची रुंदी मोजली की जखम झाली तेव्हा ते खोड केवढं होतं, ते कळतं. हे समजलं त्या रात्री मला झोप आली नाही, हे अगदी खरं आहे. ज्या विषयावर मी बारा वर्षं तास घेतले, त्याची ही बाजू मला कुणी शिकवली नव्हती आणि मी कुणाला शिकवली नव्हती.

तिथून माझ्या संशोधनाचा विषय ठरला: रस्त्याकडेची झाडं आणि त्यांच्या आतली कूज. पीएच.डी.साठी नाव नोंदवताना मला विचारलं गेलं होतं की यात वनस्पतिशास्त्र नेमकं कुठे आहे. प्रश्न विचारणाऱ्याची चूक नव्हती. आपल्याकडे वनशास्त्र जंगलातलं लाकूड शिकवतं, उद्यानविद्या फळझाडं शिकवते, वनस्पतिशास्त्र वर्गीकरण आणि पेशी शिकवतं. फुटपाथवरच्या वर्षावृक्षाची मुळं डांबराखाली कशी जगतात, हा कुणाच्याच अभ्यासक्रमातला धडा नव्हता. माझी प्रयोगशाळा म्हणजे एक मोजपट्टी (बुंध्याचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजायचा), एक लाकडी हातोडा (बुंध्यावर ठोकून आत पोकळ आहे का ते ऐकायचं) आणि एक करवत. पावसाळ्यापूर्वीच्या वादळांत झाडं पडली की सकाळी सहाच्या आत पोहोचायचं. उशीर झाला की ओंडके सरपणाच्या टेम्पोत गेलेले असत. मी रिक्षात बसून ओंडके घरी आणलेले आहेत, आणि रिक्षावाल्यांनी ते न कुरकुरता आणू दिले आहेत.

या कामात माझी पहिली करवत हा मोठा अडथळा होता. बाजारात सर्रास मिळते तशी, ढकलून कापणारी. ढकलताना पात्यावर दाब येतो, दाबाने पातळ पातं वाकतं, म्हणून ते जाड ठेवावं लागतं. जाड पात्याला रुंद चीर लागते आणि ओल्या लाकडात रुंद चीर पाडायची म्हणजे खांदा भरून येतो. शिवाय पातं अडकू नये म्हणून एक दात डावीकडे, एक उजवीकडे असे वाकवलेले. त्यामुळे कापलेला भाग ओरखड्यांनी भरलेला. त्या ओरखड्यांत शिगोंची रेघ शोधायची म्हणजे आधी तासभर पॉलिश पेपर घासायचा.

सिल्कीची करवत ओढताना कापते. ओढताना पातं ताणलं जातं, ताणलेलं पातं वाकत नाही, म्हणून ते पातळ करता येतं. दात दोन्हीकडे वाकवलेले नाहीत, एका रांगेत सरळ आहेत. पातं दातांकडून पाठीकडे पातळ होत जाईल असं घासलेलं आहे, त्यामुळे ते चिरेत अडकत नाही. आणि बाकामुळे ओढता ओढता दात आपोआप लाकडात उतरतात, वरून जोर द्यावा लागत नाही. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा माळीमामांनी कडुनिंबाची वाळकी फांदी कापून पाहिली. दोन-तीन ओढीतच थांबले आणि म्हणाले, "मॅडम, ही स्वतःच खाते लाकूड. आपण फक्त धरायचं." चौदा वर्षांत मला याहून नेमकं वर्णन सुचलेलं नाही.

कापलेला भाग रंधा मारल्यासारखा गुळगुळीत येतो. माझ्यासाठी ही करवतीची सगळ्यांत मोठी गोष्ट. ओंडक्याचा काप घेतला की पाणी फिरवायचं, रेघ लगेच दिसते. वर्गात मी असे काप हातोहात फिरवत असे. एक मुलगी कापावरच्या काळ्या रेघेवरून बोट फिरवत म्हणाली होती, "म्हणजे याच्या आत जे आहे ते झाडाला आठवतंय?" परीक्षेत असं लिहिलं असतं तर मार्क मिळाले नसते, पण तिला भिंत कळली होती. गुलमोहराच्या लाकडातल्या वर्षागणिक पडणाऱ्या कड्या सागासारख्या भरवशाच्या नसतात, त्यामुळे जखम किती वर्षांपूर्वीची ते कड्या मोजून सांगता येत नसे. मुलं मग शेजारच्या सोसायट्यांत जाऊन आजी-आजोबांना विचारायची, ही फांदी कधी तोडली होती, तारा कधी टाकल्या, रस्ता कधी रुंद केला. वनस्पतिशास्त्राच्या मुलांना माणसांशी बोलायला लावणारं हे एकच प्रॅक्टिकल आमच्याकडे होतं.

जिवंत झाडाच्या फांदीसाठी ही करवत कशी वापरायची, ते नीट सांगते, कारण चांगलं हत्यार चुकीच्या जागी चालवलं तर झाडाचं नुकसान जास्त वेगाने होतं. फांदी जिथे बुंध्याला मिळते तिथे वरच्या बेचक्यात सालीची एक सुरकुतलेली, गडद उंच रेघ असते. खालच्या अंगाला फांदीचं बूड थोडं फुगलेलं असतं, शर्टाच्या कॉलरसारखं. आम्ही वर्गात कॉलरच म्हणायचो. ही कॉलर बुंध्याची आहे, फांदीची नाही. काप तिच्या लगेच बाहेर घ्यायचा. कॉलर कापून बुंध्याला सपाट चिकटवून कापलं तर जखम बुंध्याला होते. आणि हातभर खुंट ठेवला तर खुंट मरतो, त्यातून बुरशी आत शिरते. काप बरोबर असेल तर पुढच्या वर्षी त्याच्याभोवती सगळीकडून सारखं, नव्या वाढीचं गोल कडं येताना दिसतं. सपाट कापलेल्या जखमेला वर आणि खाली कडं येत नाही, फक्त दोन्ही बाजूंनी येतं, आणि ती डोळ्यासारखी लांबट दिसते. पुण्यातल्या कुठल्याही जुन्या रस्त्यावर दहा मिनिटं चाललात तर असे डोळे बघायला मिळतील. एकदा ओळखायला शिकलं की ते दिसायचे थांबत नाहीत.

फांदी मनगटापेक्षा जाड असेल तर तीन कापांत उतरवायची. पहिला काप बुंध्यापासून फूटभर अंतरावर, खालून, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी तिथे तुटून पडते आणि साल बुंध्यापर्यंत सोलत जात नाही. मग उरलेला हलका खुंट कॉलरच्या बाहेरून. खालून कापताना बाकदार पातं उलटं धरावं लागतं, ते सुरुवातीला अवघड वाटतं. आठवडाभरात हात बसतो.

जखमेला काय लावायचं? काहीही नाही. यावर वर्गात दरवर्षी वाद व्हायचा, आणि तो वाद मला आवडायचा. तासगावकडच्या एका मुलाच्या घरी द्राक्षबाग होती. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी त्याने लहानपणापासून केलेली, छाटणीची कात्री त्याच्या हातात माझ्यापेक्षा कितीतरी चांगली चालायची. तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे बोर्डो पेस्ट लावल्याशिवाय वडील बागेतून हलू देत नाहीत." त्याचे वडील त्यांच्या जागी बरोबर होते. बागेत वेलीवरच्या ठराविक रोगांसाठी ते बुरशीनाशक आहे. पण रस्त्याकडेच्या वर्षावृक्षाच्या ताटाएवढ्या जखमेवर डांबर किंवा ऑइलपेंट फासला तर आतली कूज थांबत नाही, ओल मात्र आत राहते. भिंत झाडानेच घालायची असते. त्याला भिंत घालायला सोपं जाईल असा काप देणं एवढंच आपल्या हातात. त्या मुलाने पुढे याच विषयात एम.एस्सी. केलं आणि आता स्वतः शिकवतो.

आता करवतीच्या मर्यादा. दात इतके कठीण केलेले असतात की आपली कानस त्यांच्यावर चालत नाही. बोथट झालं की पातं बदलायचं, धार लावून मिळत नाही. मी दोन पाती झिजवली, तिसरं चालू आहे. पातं पातळ असल्याने ढकलताना जोर लावला तर वाकतं. ज्यांचा हात ढकलण्याच्या करवतीवर बसलेला आहे त्यांच्याकडून पहिल्या दिवशी हे हमखास होतं, म्हणून नव्या विद्यार्थ्याला मी आधी एक तास वाळक्या ओंडक्यावर सराव करायला लावत असे. मांडीएवढ्या फांदीसाठी ही करवत नाही. निघेल, पण श्रम व्यर्थ आहेत, आणि तेवढी मोठी जिवंत फांदी काढायची वेळ का आली हा प्रश्न आधी विचारावा. वड, उंबर, फणस कापले की चीक दातांत बसतो, लगेच पुसायचा. मी रॉकेलचा बोळा वापरत असे, नंतर खोबरेल तेलाचा हात. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं स्पिरिटने पुसायचं, विशेषतः पहिल्या झाडावर बुरशीची छत्री दिसली असेल तर. आणि डाव्या हातात चामड्याचा मोजा घालायचाच. माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी आजही एक वण आहे. मोजा पिशवीत होता.

बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या करवती हल्ली खूप दिसतात. वापरून पाहिल्या. वाळकं लाकूड तोडायला ठीक आहेत. जिवंत झाडासाठी मी त्या सुचवणार नाही, कारण त्या विचार करायला वेळ देत नाहीत. हाताच्या करवतीने तीन ओढी झाल्या की माणूस क्षणभर थांबतो आणि कॉलरकडे पुन्हा बघतो. कोयत्याबद्दल तर बोलायलाच नको. कोयता नारळाला.

कुणी घ्यावी? फळझाडांची बाग असलेल्यांनी, स्वतःच्या हाताने झाडं सांभाळणाऱ्यांनी, आणि वनस्पतिशास्त्राच्या प्रत्येक विभागाने. सोसायटीने घेऊन माळ्याच्या हातात द्यायची असेल तर आधी दोन गोष्टी. एक, शहरात झाडाची छाटणीसुद्धा मनात आलं म्हणून करता येत नाही. १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा आपला राज्याचा कायदा आहे, छाटणीसाठी महापालिकेकडे अर्ज करावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनी झाडं वारसा वृक्ष म्हणून धरली जातात, त्यांच्याबाबत तर जास्तच जपून. दुसरी, माळ्याला शिडीवर चढवून एका हाताने फांदी आणि एका हाताने करवत धरायला लावू नका. जमिनीवर उभं राहून हात पोहोचेल तेवढंच या करवतीचं काम. त्यावरचं काम दोर आणि पट्टे वापरणाऱ्या प्रशिक्षित माणसाचं. वर्षाला पालवीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त काढू नये, आणि घरट्यांच्या दिवसांत तर हात लावू नये.

माझ्या कारकिर्दीतलं या करवतीचं सगळ्यांत चांगलं काम महाविद्यालयाच्या दारातल्या कडुनिंबावर आहे. २०१२ च्या जानेवारीत रीतसर परवानगी घेऊन त्याची एक वाळत चाललेली फांदी काढली. काप मी घेतला, वर्ग भोवती उभा होता, मामा खालून फांदी धरून होते. दर जानेवारीला नवी तुकडी त्या जखमेचा व्यास मोजायची आणि मागच्या तुकडीच्या आकड्याखाली लिहायची. वहीत पहिला आकडा ११ सेंटिमीटर. सातव्या वर्षी तिथे पाच रुपयांच्या नाण्याएवढी जागा उघडी उरली होती. नवव्या वर्षी कडं पूर्ण मिटलं, मध्ये फक्त एक बारीक चीर.

त्याच वर्षी मी निवृत्त झाले. वही आता तासगावच्या मुलाकडे आहे. करवत माझ्याकडेच ठेवली, आणि नव्या पात्यासाठी सिंगापूरला निरोप पाठवला आहे.